बिनतोटीचा रांजण

आमच्या पाणपोईच्या रांजणांना तोट्या का बसवल्या, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, मठात स्वामींसमोर बसलो तेव्हाही नाही. लोकांना माहीत असलेलं कारण स्वच्छतेचं आहे. ते खोटं आहे. ते मीच तयार केलं, आणि इतकी वर्षं ते इतकं सुरळीत चाललं, की मधल्या काळात माझाही त्यावर विश्वास बसून गेला होता.

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाचा अध्यक्ष ओंकार माझ्या दुकानात आला. मी हार्डवेअरवाला. पाइप, नळ, खिळे, सफेदा. ओंकार तिशीतला, उत्साही. म्हणाला, "दादा, पाणपोईला पंचवीस वर्षं झाली. अक्षय तृतीयेला कार्यक्रम ठेवून राहिलोत. स्मरणिका बी काढायची. तोटीच्या पाणपोईवर लेख तुम्हीच लिवायचा. डोकं तुमचं होतं ना ते!"

मी "बघू" म्हणालो. मग त्यानं खिशातून एक जुना फोटो काढून काउंटरवर ठेवला. मंडळाच्या कपाटात सापडला म्हणे. फोटोत कडुलिंबाखाली तीन रांजण, त्यांना गुंडाळलेली ओली पोती, आणि लांब दांड्याच्या पितळी ओगराळ्यानं एका माणसाच्या ओंजळीत पाणी सोडणारी एक बाई. डोक्यावर पदर, नजर त्या माणसाच्या गळ्याकडं.

"ही कोण हो दादा? पहिल्या वर्षीची सेविका दिसून राहिली. हयात असंल तर सत्कार करू. शाल, श्रीफळ. पत्ता काढा तेवढा."

मी फोटो हातात घेतला आणि उगाच त्याच्या मागची बाजू बघत राहिलो. मागं काहीच लिहिलेलं नव्हतं.

*

पाडवा झाला की आमच्या देगलूरला उन्हाळा खरा लागतो. कडुलिंबाची बारीक पांढरी फुलं स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यांवर, लोकांच्या टोप्यांवर, रसाच्या गुऱ्हाळाच्या ताडपत्रीवर पडत राहतात. दुपारी बाराला डांबर मऊ होतं आणि चालणाऱ्याच्या चपलेचा आवाज बदलतो. बोधनची बस येते, बिदरची येते, उदगीरची येते. बस थांबायच्या आत खिडक्यांतून हात बाहेर निघतात, रिकाम्या बाटल्या धरलेले.

याच दिवसांत रांजण बाहेर काढतात. आतून चोळून धुतात, वाळूच्या ओट्यावर बसवतात, पोतं गुंडाळून भिजवतात, आत वाळ्याची जुडी सोडतात. कोरड्या रांजणात पहिलं पाणी पडलं की माती ते आवाज करत पिते. त्या वेळी एक वास सुटतो. लोक त्या वासासाठी लांब श्वास घेतात. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत जातो.

आमचं गाव कोण चालवतं असं मला कोणी विचारलं, तर मी नगरपालिकेचं नाव लगेच घेणार नाही. नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसतं. पण श्रावणातल्या सोमवारी मठात किती पानं उठतात ते बघा. उन्हाळ्यात मयत झालं आणि पाहुणे लांबून यायचे असले, तर बर्फाची पेटी मशिदीच्या कमिटीकडून येते. मयत कोणाचं, हे ते पेटी उतरवल्यावर विचारतात. पोलीस भरतीची पोरं विहाराच्या अभ्यासिकेत बसतात, कारण गावात पंखा असलेली तेवढीच एक फुकट खोली. जेठात नांदेडहून शीख मंडळी येतात आणि रस्त्यात बसगाड्या अडवून गुलाबी सरबत पाजतात, अगदी जबरदस्तीनं. आणि आमचं मंडळ पाणपोई घालतं. असं हे गाव एकमेकांच्या फाटक्या जागी ठिगळ लावत उभं आहे. या गोष्टीचा मला खरोखर अभिमान आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगणं अवघड जातं.

*

पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण होतो. बहुतेक बाजारपेठेतल्या दुकानदारांची पोरं, बहुतेक लिंगायत, सगळे पंचविशी-तिशीतले. पाडव्याला मांडव घातला, रांजणांना हार घातले, फोटो काढले. पाळ्या लावल्या. तिसऱ्याच दिवशी दुपारच्या पाळीचा माणूस आला नाही, चौथ्या दिवशी मीच गेलो नाही. रांजण कोरडे, हार सुकलेले.

लिंबाच्या पलीकडच्या सावलीत धुरपताबाई काकड्या घेऊन बसायच्या. पन्नाशीच्या, उंच, आवाजानं खणखणीत. विहारातल्या महिला मंडळाच्या त्या पुढारी. पाचव्या दिवशी आम्ही दोघंतिघं मांडवात उभे होतो, तर तिथूनच ओरडल्या, "अध्यक्षसाहेब, रांजणात पाणी बी घालावं लागतं बरं का! नुसत्या हारानं गार होत न्हाई."

चहाच्या गाडीवरची माणसं हसली. आम्ही पण हसलो, दुसरं काय करणार.

"पाणपोई मांडलाव का रांजणाची पूजा करायलाव? सरका, द्या हिकडं घागर."

हापशावरून त्यांनी सहा खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी येताना घरून ते पितळी ओगराळं आणलं, आणि त्या दिवसापासून पाणपोई जिवंत झाली.

त्यांची पाणी द्यायची एक पद्धत होती. उन्हातून आलेल्या माणसाला आल्या आल्या पाणी मिळायचं नाही. "दमानं. बस आधी. घाम जिरू दे, मग पी. छातीत भरंल." गुळाचा बारका खडा हातावर यायचा. मग ओगराळं वर उचललं जायचं आणि पाण्याची धार ओंजळीत अशी पडायची, की एक थेंब बाहेर नाही. धुरपताबाई ओंजळीकडं बघतच नसत. गळ्याकडं बघत. गळ्याची घाटी वर-खाली व्हायची थांबली, की माणसानं मान हलवायच्या आधी धार थांबलेली असायची. तेलंगणातल्या बायका आल्या की धुरपताबाई तेलुगूत "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत बोलवायच्या, बिदरकडचा म्हातारा असला की कानडीत "नीरु". बोधनच्या बसमधला ड्रायव्हर म्हणायचा, "अम्मा, तुमारे हात का पानी पीके फिर इंजन बी गरम नै होता." त्या म्हणायच्या, "इंजनाचं ऱ्हाऊ दे, तू बैठ पहले."

बाजाराच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत जायची. आम्ही मंडळाचे लोक मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहायचो आणि येणारे-जाणारे म्हणायचे, काय काम चालवलंय पोरांनी.

*

एका दुपारी मन्मथअप्पा दुकानात आले. ते भुसार मालाचे व्यापारी. मांडवाचे पत्रे त्यांचे, रांजण त्यांचे, मंडळाला सल्लाही त्यांचाच. आता ते नाहीत. त्यांच्यावर ढकलून मोकळं व्हावं म्हणून मी हे लिहीत नाही. जेवढं ते बोलले, तेवढंच सांगतो.

"पाणी लई गार हाय रे शिवा."

"हाव अप्पा."

"बाई बी कामाची हाय."

"हाव."

"पण..."

एवढं म्हणून त्यांनी शेजारचा पाइपचा तुकडा उचलला आणि त्यातून पलीकडं बघत बसले.

"काय झालं अप्पा?"

"मला काही न्हाई. मी तर तिच्या हातचं पिईन बी. लोक काय म्हणून राहिले ते सांगायलो."

"काय म्हणून राहिले?"

"आता सगळंच तोंडानं बोलून दाखवावं लागतंय का?"

लागलं नाही. त्याच आठवड्यात सोमवारी मी मांडवात उभा असताना माझी आई मठातून परत येत होती. कपाळावर विभूती, ऊन डोक्यावर. धुरपताबाईंनी ओगराळं भरून धरलं. "या माय, पाणी घ्या. ऊन लई हाय."

आईनं पदर सारखा केला. "तहान न्हाई बाई मला," म्हणाली आणि चालू लागली. मी तिच्या मागं घरी गेलो. उंबरठा ओलांडल्या ओलांडल्या ती उभ्यानं दोन तांबे पाणी प्याली. धाप लागली होती. आपल्या धर्मात जातपात नाही, सगळे शरण सारखे, हे मला लहानपणी तिनंच शिकवलं होतं. तिचं ते शिकवणं खोटं नव्हतं. ते दोन तांबेही खोटे नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी घरून पाण्याची बाटली नेऊ लागलो. कोणी सांगितलं म्हणून नाही.

*

मंडळाची बैठक माझ्या दुकानाच्या मागच्या गोदामात झाली, सिमेंटच्या पोत्यांवर. त्या बैठकीत जात हा शब्द कोणीही उच्चारला नाही. हे मला नीट आठवतं, कारण मी त्याची वाट बघत होतो. तो शब्द कोणी काढला असता, तर मी विरोध केला असता, असं मला तेव्हा वाटत होतं. आजही वाटतं. पण लोक म्हणाले, बाई दमते. लोक म्हणाले, ओगराळं एकच, सगळ्यांना तेच, काविळीची साथ हाय म्हणे. कोणी म्हणालं, आपल्या पाळ्या होत्या ना, आपण सेवा करायची का दुसऱ्याकडून करून घ्यायची? हे तर ऐकायलाही छान होतं. मात्र बाईंना जाऊन नको म्हणायचं कोणी, इथं सगळे थांबले.

तेव्हा मी म्हणालो, "रांजणाला तोटी बसवू."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"पितळी तोटी. ज्याचं त्यानं घ्यायचं. हात लागायचा प्रश्न न्हाई. मग पाणी द्यायला माणूसच लागणार न्हाई."

लाइट गेलेली असावी आणि अचानक पंखा सुरू व्हावा, तसं झालं. "काय डोकं हाय राव तुझं!" म्हणून कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप आवडली. हेही सांगितलं पाहिजे. मला खूप आवडली ती.

पहिला रांजण भोक पाडतानाच तडकला. दुसऱ्याला मी स्वतः बसलो. ओल्या कापडानं माती भिजवत भिजवत भोक पाडलं, तोटीच्या आट्यांना ताग गुंडाळला, गळू नये म्हणून सफेदा भरला, आतून-बाहेरून वॉशर लावून आवळलं. एक थेंब गळत नव्हता. मी चांगला कारागीर आहे. माझ्या हातून जे वाईट झालं, ते फार व्यवस्थित झालं.

*

सांगायला मीच गेलो. दुपारचे साडेबारा असतील. काय बोलायचं ते दुकानात दहा वेळा घोकलं आणि तसाच उठून रस्ता ओलांडला. मांडवात पोचलो तेव्हा धुरपताबाईंनी माझ्याकडं पाहिलं, काही न बोलता ओगराळं भरलं आणि माझ्या पायांवर ओतलं. तेव्हा कळलं, की मी अनवाणी आलोय.

"बोला," त्या म्हणाल्या.

मी बोललो. स्वच्छता. साथीचे रोग. तुमचं वय. तुम्हाला त्रास नको. मंडळानं तुमचा विचार केला. 'तुमचा विचार केला' हे मी दोनदा म्हणालो.

त्या नव्या रांजणापाशी गेल्या. तोटी सोडली, धार बघितली, बंद केली. परत सोडली.

"चांगली हाय. म्हाताऱ्या माणसाला वाकता आलं पाहिजे मातर."

"हाव, ते बघू."

"बरं झालं बाबा. माझा खांदा लई दुखून राहिला होता."

पदरानं हात पुसले, काकड्यांची पाटी उचलली आणि गेल्या. मी मांडवातलं सामान गोळा केलं. झाकणं, दोरी, घागर, ओगराळं. बाईंनी घरून आणलेलं ओगराळंही मंडळाचंच धरून सगळं पोत्यात भरलं आणि दुकानात आणून टाकलं.

'खांदा दुखून राहिला होता' हे एक वाक्य मी पुढं वर्षानुवर्षं जपलं. कधी झोप मोडली, की ते काढून बघायचो. बाईला बरंच वाटलं की. तिनंच म्हटलं की.

*

तोटी गाजली. स्थानिक पेपरात फोटो आला, माझाच, तोटी धरून. गावच्या कार्यक्रमात मला शाल मिळाली. बिलोलीचं एक मंडळ बघून गेलं, हिमायतनगरहून दोघं आले. तोट्या, वॉशर, सफेदा सगळं माझ्याच दुकानातून नेलं. त्यांनी तोट्या का बसवल्या, मी विचारलं नाही. त्यांच्या प्रत्येक रांजणामागं एखादी धुरपताबाई होती, की त्यांना खरंच स्वच्छता हवी होती, मला माहीत नाही. ते माहीत नसण्याचाही मला त्रास होतो.

आणि तोटीत वाईट काय आहे? ती स्वच्छच आहे. आज मुलांना मी ओगराळ्यानं प्या म्हणणार नाही. पण तोटी कोणाला 'बस आधी' म्हणत नाही. तिला घाटी दिसत नाही. एकदा बाजाराच्या दिवशी एक म्हातारा आला. कमरेतून वाकलेला, पण तोटीइतका खाली वाकणं त्याला जमेना. त्यानं पिशवी बाजूला ठेवली, गुडघे टेकले, एक हात जमिनीवर रोवला आणि तोटीला तोंड लावलं. माझं दुकान समोरच. मी गिऱ्हाइकाला पाइपचा कोपर, म्हणजे एल्बो, दाखवत होतो. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, हा पाऊण इंची हाय. अर्धा इंची मागितला मी."

एकदा नांदेडला माल आणायला गेलो असताना उशीर झाला म्हणून गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. तिथं पोळी ताटात टाकत नाहीत. दोन्ही हात पुढं करावे लागतात, मग ती हातात मिळते. मी हात पुढं केले. पोळी आली, डाळ आली. वाढणारा माणूस पुढं निघून गेला आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. तो कोण, कुठला, काही नाही. त्याच्या हातचं खायला तिथं मला अडचण आली नाही. गावात मात्र आली, कारण गावात प्रत्येक हाताचं नाव मला पाठ होतं.

त्या पंगतीत मला पहिल्यांदा कळलं, की आमच्या मंडळानं कुठं चूक केली. आमच्या पाणपोईवर कोणीही पाणी प्यावं, ही गोष्ट आम्ही अभिमानानं सांगायचो, आणि ती खरी होती. पाणी घेणारा कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं ते देणारा कोण, एवढंच. घ्यायला सगळ्यांना मुभा होती. द्यायचा मान तेवढा आम्ही आमच्यापाशी ठेवला होता. आणि त्याला आम्ही सेवा म्हणत होतो.

हे कळून किती वर्षं झाली? बरीच. कळल्यावर मी काय केलं? दुकान उघडलं, दुकान बंद केलं.

*

पत्ता काढायला वेळ लागला नाही. धुरपताबाई आता लातूरला लेकीकडं असतात. लेक सुजाता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गेल्या रविवारी उदगीरमार्गे गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं नांगरून पडलेली. मी मनात तेच घोकत होतो, पंचवीस वर्षांपूर्वी घोकलं होतं तसं. फक्त या वेळी खरं.

दारातच खुर्चीवर बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढं. उंची खुर्चीत मावत नव्हती.

"जयभीम," त्या म्हणाल्या.

गावात इतकी वर्षं त्यांच्या जयभीमला मी "हां, हां" म्हणत आलो होतो. कोणी बघत असलं तर नुसती मान. "जयभीम, बाई," मी म्हणालो.

"शिवाप्पा न्हवं? जाड झालाव."

सुजाताबाईंनी फ्रीजमधली बाटली काढली. धुरपताबाई म्हणाल्या, "त्ये नगं. ऊन लागलंय त्यांना. बसा आधी. घाम जिरू द्या." मग स्वतः भिंतीला धरून उठल्या, माठापाशी गेल्या, पेला भरून आणला आणि मी प्यायला लागलो तशा माझ्या गळ्याकडं बघत उभ्या राहिल्या.

मी ओंकारचा निरोप सांगितला. सत्कार, शाल, अक्षय तृतीया, स्मरणिकेतला माझा लेख. मग म्हणालो, "बाई, आणखी एक सांगायचं होतं. त्या तोटीचं..."

"गळाया लागली का आता?"

"न्हाई. म्हणजे, बदलली दोनदा. पण ती बसवली ते..."

"मला म्हाईत हाय रं बाबा," त्या म्हणाल्या. अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "तुम्ही अनवाणी आलाव तवाच कळलं. खरं बोलायला येणारा माणूस चपला घालून येतंय."

मी विचारलं, "तुम्ही तर म्हणालात, खांदा दुखत होता."

"मग काय म्हणू? तुमचे पाय भाजून राहिले होते. उभं किती वेळ करायचं?"

सुजाताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही सांगायला आलात, का आईनं माफ केलं असं लिहायला आलात?"

"सुजे," धुरपताबाई म्हणाल्या.

"न्हाई आई, मला बोलू दे. तू दोन उन्हाळे स्टँडवरून गेली न्हाईस. काकड्या घेऊन शाळेकडनं लांबून जायचीस. मी होते ना तुझ्यासंग. आणि काका, ते ओगराळं? ते विहाराचं होतं. बुद्धपौर्णिमेला खीर वाढायचं. बायकांनी वर्गणी करून घेतलेलं. त्या वर्षी खीर पेल्यानं वाढली. मी विचारलं तर आई म्हणली, हरवलं."

मला विहाराचं माहीत नव्हतं. ओगराळं कुठं आहे, ते मात्र माहीत होतं. माझ्या दुकानात खिळ्यांच्या डब्यात. खिळे काढायला फार सोयीचं पडतं, लांब दांड्याचं. पंचवीस वर्षं मी रोज ते हातात धरतो.

हे मी त्यांना तिथं सांगितलं नाही. तोटीचं सांगायला गेलेला माणूस मी, तेही माझ्या तोंडून निघालं नव्हतं. ते त्यांनीच बोलून टाकलं. त्यांनी मला बोलू दिलं नाही, की मी बोललो नाही, याचा हिशेब मला अजून लागत नाही.

निघताना धुरपताबाई म्हणाल्या, "सत्काराला मी यायची न्हाई. गुडघे बी चालत न्हाईत आणि शाल बी लागत न्हाई मला ह्या उन्हात. राग नव्हता असं समजू नगा. लई होता. आता हाय का न्हाई, ते मी तुम्हाला सांगणार न्हाई."

मी खाली बघत होतो. या वेळी पायात चपला होत्या.

"तोटी काढा म्हणत न्हाई मी. असू द्या, पोरासोरांना बरी हाय. पण बाजूला एक रांजण बिनतोटीचा ठेवा. आणि तिथं कोण बसंल, ते तुम्ही ठरवू नगा."

सुजाताबाई फाटकापर्यंत आल्या. "तिला सांगून काय उपयोग काका? तिला तर पहिल्यापासून माहीत होतं. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा. त्या मांडवात, माइकवर."

*

काल दुकान बंद करायच्या आधी मी ओगराळं खिळ्यांच्या डब्यातून काढलं. दांड्याला तेल आणि खिळ्यांचा गंज, वाटीला आतून ओरखडेच ओरखडे. चिंच लावून तासभर घासलं. वाटीच्या मागं बारीक अक्षरं निघाली, महिला मंडळ म्हणून. ती इतकी वर्षं तिथंच होती. मी उलटं करून कधी बघितलं नव्हतं. ओरखडे गेले नाहीत. ते जाणार नाहीत.

बायकोनं विचारलं, "कुणाचं हे?" मी म्हणालो, "विहाराचं." ती म्हणाली, "मग आपल्याकडं कसं?" मी म्हणालो, "लिहून राहिलो, वाच उद्या."

उद्या हे कागद ओंकारच्या हातात देईन. त्यानं तोटीवर लेख मागितला होता, हा तोटीवरच आहे. छापायचा की नाही, ते मंडळ बघेल. बैठक बसेल, आणि मला ठाऊक आहे, त्या बैठकीतही काही शब्द कोणी उच्चारणार नाही. कोणी म्हणेल, जुनं कशाला उकरायचं. कोणी म्हणेल, अप्पा बिचारे गेले आता. अप्पा फक्त 'पण' म्हणाले होते. तोटी माझी होती.

समोर रांजण बसलेत. आज पाणी भरलं. मी शटर ओढलं नाही, वास येऊ दिला. तिन्हींनाही तोट्या आहेत. चौथा रांजण कुंभाराकडं सांगितलाय, भोक न पाडलेला. तो ठेवायला मंडळ हो म्हणेल का, आणि ठेवला तर तिथं कोण येऊन बसेल, माहीत नाही. ते ठरवायचं माझ्याकडं नाही, हे मला बजावून सांगितलेलं आहे.

अक्षय तृतीयेला आठ दिवस राहिलेत, बुद्धपौर्णिमेला वीस. विहाराचं ओगराळं अजून माझ्या काउंटरवर आहे, ते त्या बायकांच्या हातात मी दिलेलं नाही. आणि तोटी का बसवली, हे मी अजून त्या मांडवात उभं राहून माझ्या तोंडानं सांगितलेलं नाही. लिहिलं, ते सांगणं नव्हे. या दोन्ही गोष्टी मी देणं लागतो.